मुळांची हाक: पीक मित्र सूत्रकृमींना कसं बोलावतं आणि कधी अडवतं

ज्यांना ऐकायला सवड मिळत नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे भागाचा मजकूर देतेय. बोलताना जिथे अडखळले तेवढं काढलंय, बाकी बोलणं बोलण्यासारखंच ठेवलंय.

आजचा विषय मातीखालचा आहे. झाडाच्या मुळांमधून निघणारी रसायनं आणि किडींना मारणारे सूत्रकृमी, यांचं नातं. नाव ऐकून जड वाटेल, पण सुरुवात मी माझ्या मामांपासून करते, म्हणजे सोपं जाईल.

मामांची तक्रार

माझ्या मामांचा वाळवा तालुक्यात दोन एकर ऊस आहे. दोन वर्षांपूर्वी त्यात हुमणी लागली. ऊसवाल्यांना हुमणी सांगायला नको, पण शहरातल्या मंडळींसाठी सांगते. ही एका भुंगेऱ्याची अळी. पांढरी, जाड, अर्धचंद्रासारखी वळलेली, डोकं तपकिरी. जमिनीत राहते आणि मुळं खाते. वरून बघितलं तर ऊस आधी पिवळा पडतो, मग वाळतो, आणि हाताने ओढला की अख्खं बेट उपटून हातात येतं. तोपर्यंत उशीर झालेला असतो.

मामांना कुणीतरी सुचवलं, की सूत्रकृमीची पावडर मिळते, ती सोडा. मामांनी मला फोन केला. पहिलं वाक्य होतं, "आगं, सूत्रकृमी तर डाळिंबाला लागत्यात की! मुळ्यांना गाठी करत्यात. ते इकत घिऊन मी माझ्या रानात सोडू?"

प्रश्न अगदी रास्त होता. मी त्यांना समजावलं, त्यांनी पावडर आणली, सोडली. महिन्याभराने परत फोन. "तुझी ती किडं आळशी निघाली बघ. हुमणी हाय तशी हाय. पैसं गेलं, ऊसबी गेला."

मला वाईट वाटलं, कारण सल्ला माझा होता. मग मी वाचायला बसले. मामांचं कुठे चुकलं हे तर सापडलंच, ते शेवटी सांगते. पण वाचता वाचता एक मोठी गोष्ट समजली. आपण समजतो, की मित्रकिडा पुडीतून बाहेर आला की त्याचं काम तो एकटा करतो. तसं नसतं. मधे पीक असतं. पीक त्याला बोलावू शकतं, आणि पिकाचीच रसायनं त्याला अडवूही शकतात.

सगळे सूत्रकृमी सारखे नसतात

आधी मामांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. सूत्रकृमी म्हणजे दोऱ्यासारखे बारीक कृमी. यांच्या हजारो जाती आहेत. डाळिंबाच्या, पेरूच्या, टोमॅटोच्या मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी झाडाच्या मुळातला रस घेऊन जगतात. आज आपण ज्यांच्याबद्दल बोलतोय ते झाडाला हात लावत नाहीत. ते कीटकांच्या शरीरात वाढतात. यांचे दोन मुख्य गट आहेत, हेटरोऱ्हॅब्डायटिस आणि स्टाइनरनेमा. नावं अवघड आहेत, पण पुडीवर हीच छापलेली असतात, म्हणून कानावर असू द्या.

यांची काम करायची पद्धत विलक्षण आहे. मातीत फिरतो तो यांचा बाल्यावस्थेतला कृमी. लांबी साधारण अर्धा मिलिमीटर. तो काही खात नाही, अंगातल्या साठ्यावर जगतो आणि फक्त शोधत असतो. अळी सापडली की तिच्या तोंडातून, गुदद्वारातून किंवा श्वसनछिद्रांतून आत शिरतो. आत गेल्यावर आपल्या आतड्यात सांभाळून आणलेले जिवाणू अळीच्या रक्तात सोडतो. मारायचं मोठं काम हे जिवाणू करतात. साधारण २४ ते ४८ तासांत अळी मरते. मग कृमी त्या जिवाणूंवर आणि अळीच्या विरघळलेल्या शरीरावर वाढतात, पिल्लं घालतात, आणि एक-दोन आठवड्यांनी हजारोंनी, मोठी अळी असेल तर लाखांनी, नवे कृमी बाहेर पडतात.

हेटरोऱ्हॅब्डायटिसने मारलेली अळी विटकरी, लालसर दिसते. तिच्यातले जिवाणू अंधारात मंद चमकतात. मेलेली हुमणी लाल झालेली दिसली तर समजायचं, की आपली फौज पोचली.

आणि हे काही परदेशातून आलेलं खूळ नाही बरं का. आपल्याकडे पुडीवर जे हेटरोऱ्हॅब्डायटिस इंडिका हे नाव असतं, त्यातलं 'इंडिका' भारतावरूनच आलंय. तमिळनाडूतल्या कोइमतूरच्या नमुन्यांवरून १९९२ मध्ये पॉइनर, करुणाकर आणि डेव्हिड या शास्त्रज्ञांनी या जातीचं वर्णन केलं. पुढे बंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरोने हुमणीसाठी याची पाण्यात मिसळायची पावडर तयार केली.

अंधारात पत्ता कसा सापडतो?

आता मुद्द्यावर येते. अर्ध्या मिलिमीटरचा जीव. डोळे नाहीत. सभोवार माती, अंधार, मुळं, खडे, आणि हजारो इतर जीव. याला हुमणी कशी सापडणार?

वासाने. अळी श्वास घेते तेव्हा कार्बन डायऑक्साइड सोडते, तो यांना कळतो. पण कार्बन डायऑक्साइड तर मुळंही सोडतात, मातीतले जिवाणूही सोडतात. म्हणजे बाजारात कुणीतरी "अहो" म्हणून हाक मारल्यासारखं झालं. सगळेच वळून बघणार. नेमका पत्ता लागायला आणखी काहीतरी हवं.

ते काय, हे २००५ साली कळलं. स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेल विद्यापीठात सर्जिओ रासमान, टेड टर्लिंग्स आणि त्यांचे सहकारी मक्यावर काम करत होते. अमेरिकेत मक्याच्या मुळांवर एक भुंगेऱ्याची अळी असते, डायब्रोटिका. नुकसान इतकं, की तिकडे तिला 'अब्ज डॉलरची कीड' म्हणतात. १९९२ मध्ये ती युरोपात बेलग्रेडजवळ आढळली आणि तिथून पसरत गेली, म्हणून युरोपातले शास्त्रज्ञ कामाला लागले. आपल्याकडे ही कीड नाही, पण पुढची गोष्ट आपल्याही कामाची आहे.

त्यांनी एक साधं पण हुशार उपकरण बनवलं. मधोमध एक भांडं, त्याला सहा बाजूंना सहा नळ्या, प्रत्येक नळीच्या टोकाला एक कुंडी. सगळीकडे ओलसर वाळू. काही कुंड्यांत अळीने मुळं खाल्लेला मका, काहींत नुसती इजा केलेला, काहींत निरोगी. मधल्या भांड्यात सूत्रकृमी सोडायचे आणि दुसऱ्या दिवशी कोण कुठे गेलं ते मोजायचं.

अळी मुळं खात होती तिकडे कृमी जास्त गेले. मग मुळांतून कोणता वास निघतो ते तपासलं. एक रसायन ठळकपणे पुढे आलं. त्याचं नाव बीटा-कॅरिओफायलीन.

आता हे नाव ऐकून घाबरू नका, कारण हे तुमच्या स्वयंपाकघरात आहे. लवंग, काळी मिरी, तुळस यांच्या वासात जे अनेक घटक असतात त्यातला हा एक. मक्याचं मूळ अळीने कुरतडलं की मका हा पदार्थ तयार करतो आणि सोडतो. वाळूच्या कणांमधल्या हवेतून तो भरभर पसरतो. कृमी त्याच्या दिशेने सरकतात. मूळ कुरतडणारी अळी तिथेच असते, आणि मग पुढचं काम त्यांना शिकवावं लागत नाही.

हरवलेली हाक

पण याच अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली, आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते.

युरोपातले मक्याचे वाण ही हाक देत होते. मक्याचा रानटी पूर्वज, टिओसिंटे, तोही देत होता. पण उत्तर अमेरिकेतले वाण देत नव्हते. म्हणजे ज्या देशात कीड सगळ्यात मोठी, तिथलाच मका मुका!

मग हंगेरीत प्रत्यक्ष शेतात प्रयोग केला. हाक देणाऱ्या वाणावरच्या अळ्यांना सूत्रकृमींची लागण मुक्या वाणापेक्षा पाचपट झाली. आणि मुक्या वाणाच्या शेजारी मातीत वरून बीटा-कॅरिओफायलीन घातलं, तर तिथून बाहेर पडणाऱ्या भुंगेऱ्यांची संख्या निम्म्याहून कमी झाली. तोच मका, तीच माती. फरक पडला तो एका वासाने.

२००८ मध्ये कळलं, की हा वास तयार करणारं जनुक अमेरिकन वाणांतून पूर्ण गेलेलं नाही. जनुक आहे, पण बहुतेक वाणांत ते चालूच होत नाही. घरात बल्ब आहे, वायर आहे, पण बटण दाबलं जात नाही, तसं.

हे कसं झालं असेल? वाण निवडताना आपण काय बघतो? कणीस किती भरलं, दाणा कसा, ताट पडतं का, पाण्याचा ताण सोसतं का. मुळाला वास येतो का हे कुणी बघत नव्हतं. अशी काही हाक असते हेच २००५ पर्यंत माहीत नव्हतं. माहीत नसलेली गोष्ट जपणार कशी? वर कीटकनाशक होतंच, त्यामुळे मक्याला कुणाला बोलवायची गरज आहे हे जाणवलंही नसेल.

मला इथे आपल्या आजीच्या काळातली बियाणी आठवतात. "जुनं ते सगळं सोनं" असं मी म्हणणार नाही, कारण जुन्या वाणांनी पोट भरत नव्हतं हेही खरं. पण वाण बदलताना उत्पादनाबरोबर आणखी काय काय हातातून जातं, हे विचारायला हवं.

बटण परत चालू केलं, पण...

मग साहजिकच पुढचा विचार आला, की हाक परत देता येईल का? २००९ मध्ये डेगेनहार्ट, हिल्टपोल्ड, टर्लिंग्स आणि सहकाऱ्यांनी मुक्या मक्यात ओरेगॅनोतलं जनुक घातलं. ओरेगॅनो म्हणजे पिझ्झ्यावर भुरभुरतात तो पाला. हा मका सतत बीटा-कॅरिओफायलीन सोडू लागला. अमेरिकेत मिझुरीच्या शेतात त्याची चाचणी झाली. जिथे सूत्रकृमी सोडले होते तिथे या मक्याच्या मुळांचं नुकसान कमी झालं आणि भुंगेरे ६० टक्के कमी बाहेर पडले.

इथे गोष्ट संपली असती तर छान झालं असतं. पण पुढच्या अभ्यासांत दिसलं, की सतत वास सोडणाऱ्या या मक्याची उगवण, वाढ आणि उत्पादन घटलं. आणि त्याच वासाने इतर किडीही आकर्षित होत होत्या. नैसर्गिक मका काय करतो? अळी लागली की हाक देतो, नाहीतर गप्प बसतो. आपण त्याला चोवीस तास ओरडायला लावलं. त्याची ताकद त्यातच गेली, आणि नको ते पाहुणेही आले.

दुसऱ्या बाजूनेही प्रयत्न झाला. पिकाचा आवाज वाढवण्याऐवजी सूत्रकृमींचे कान तिखट करायचे. हिल्टपोल्ड आणि सहकाऱ्यांनी या वासाला जास्त प्रतिसाद देणारे कृमी निवडून, त्यांची पैदास करून, पुन्हा त्यातले निवडून असं काही पिढ्या केलं. बैलाच्या किंवा शेळीच्या जातीची निवड करतात ना, तसंच. २०१० मध्ये त्यांनी दाखवलं, की असे निवडलेले कृमी हाक देणाऱ्या मक्याच्या शेतात जास्त चांगलं काम करतात. मला हा रस्ता जास्त पटतो.

हाक शत्रूलाही ऐकू येते

आता जरा सावध करणारा भाग. वास हवेत सुटला की तो कुणाच्या मालकीचा राहत नाही. भजी तळली की शेजाऱ्यांनाही कळतं.

मक्याच्या मुळांवरची तीच अळी बीटा-कॅरिओफायलीन हुंगून खायला मका शोधते, हे पुढे दिसलं. म्हणजे जी हाक पोलिसांना मारली, ती ऐकून चोरांची टोळीही आली.

लिंबूवर्गीय झाडांचं उदाहरण तर आपल्या संत्रावाल्यांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. अमेरिकेत फ्लोरिडात संत्र्या-मोसंबीच्या मुळांवर डायप्रिपिस नावाच्या सोंडकिड्याची अळी असते. ती मुळं खायला लागली की मुळं काही रसायनं सोडतात, त्यात प्रीगायजेरीन नावाचं एक रसायन मुख्य. त्याने मित्र सूत्रकृमी येतात. हे रसायन फ्लोरिडात संत्रावर्गीय बागेत आणि न्यू जर्सीत ब्लूबेरीच्या बागेत मातीत घातलं, तर मित्र कृमी जमले आणि अळ्या जास्त मेल्या. हे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं. पण त्याच संशोधकांनी आधी हेही दाखवलं होतं, की लिंबूवर्गीय मुळांच्या अशा वासाने मुळांना त्रास देणारे सूत्रकृमीही ओढले जातात. लिंबूवर्गीय झाडांचा हा त्रासदायक सूत्रकृमी आपल्या विदर्भातल्या बागांतही आहे. त्यामुळे उद्या कुणी 'मित्रकिडे बोलावणारं जादूचं औषध' विकायला आलं, तर पहिला प्रश्न विचारा, "आणखी कोण कोण येतं याने?"

आणखी एक बारकावा. पानांवर एक अळी आणि मुळांवर दुसरी, असं एकाच वेळी झालं तर? रासमान आणि टर्लिंग्स यांनी २००७ मध्ये तेही तपासलं. दोन्हीकडून हल्ला झाल्यावर मक्याची मुळाकडची हाक मंदावली आणि कृमी कमी आले. म्हणजे पानांवरच्या अळीकडे दुर्लक्ष केलं तर त्याचा परिणाम मातीखालच्या मित्रांवरही होऊ शकतो.

अळीचं चिलखत

आता समजा, हाक दिली, कृमी आले, अळीपर्यंत पोचले. काम फत्ते? नाही. इथे पिकाच्या रसायनांचा तिसरा खेळ सुरू होतो.

मका स्वतःला वाचवायला आपल्या अंगात काही विषारी रसायनं ठेवतो. त्यांना बेन्झोक्साझिनॉइड म्हणतात. गव्हातही ती असतात. साध्या अळ्यांना ती सोसत नाहीत. पण मक्याच्या मुळांवरची ही अळी या विषाला सरावलेली आहे. स्वित्झर्लंडमधल्या बर्न विद्यापीठात क्रिस्टेल रॉबेर, मॅथियास एर्ब आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं, की ही अळी ते विष नुसतं पचवत नाही, तर आपल्या अंगात साठवून ठेवते. सूत्रकृमींनी हल्ला केला की त्या साठ्यातून असा पदार्थ सुटतो, जो कृमींना दूर ठेवतो, आणि त्यांना व त्यांच्या जिवाणूंना अपायही करतो. चोराने आपल्याच घरातली काठी उचलून राखणदाराला मारावं, तसं हे झालं. मक्याने अळीसाठी तयार केलेलं हत्यार अळीने मक्याच्या मित्रावर चालवलं.

म्हणून 'पीक जितकं कडू, तितकं सुरक्षित' हा हिशोब नेहमी बरोबर येत नाही. काही किडींच्या बाबतीत पिकाचा कडूपणा किडीलाच उपयोगी पडतो.

पण थांबा, सूत्रकृमीही काही कमी नाहीत. २०१९ मध्ये याच मंडळींनी जगाच्या वेगवेगळ्या भागांतले सूत्रकृमी तपासले. ज्या प्रदेशात ही अळी मुळातच राहते, तिथले कृमी या विषाला जास्त सोसणारे निघाले. बाहेरच्या प्रदेशातल्यांना ते जास्त बाधलं. आणि गंमत म्हणजे, विष न सोसणाऱ्या कृमींना पाच पिढ्या याच अळीवर वाढवलं, तर त्यांच्यातही विष सोसायची ताकद आली. फक्त पाच पिढ्या!

यातून मला एक सरळ धडा दिसतो. कुठलाही सूत्रकृमी कुठेही सोडून चालत नाही. ज्या मातीत, ज्या पिकावर, ज्या किडीबरोबर तो वाढलाय, तिथला तो खरा पैलवान. आपल्या मातीतल्या, आपल्या उन्हाला सरावलेल्या जाती शोधायच्या का, याचं उत्तर इथे आहे.

मग मामांचं काय चुकलं?

आता परत वाळव्याला येऊ. आधीच सांगते, मक्याचे हे प्रयोग उसावर जसेच्या तसे चिकटवू नका. कीड वेगळी, पीक वेगळं. पण दृष्टी तीच ठेवायची. पुडीतला जीव एकटा नसतो. माती, पीक, वेळ आणि आपण टाकीत काय काय ओततो, हे सगळं त्याच्या वाट्याला येतं.

मी मामांना फोनवर एकेक गोष्ट विचारली.

"पुड्या आणल्यावर ठेवल्या कुठे होत्या?" "मोटारीच्या खोलीत. आठ दिस पाऊस न्हवता, म्हणून थांबलो."

मोटारीच्या खोलीला पत्रा. पत्र्याखालच्या उकाड्यात आठ दिवस. अहो, पुडीत जिवंत प्राणी आहेत! खताचं पोतं नाही ते. सावलीत, थंड जागी ठेवायचं आणि लवकरात लवकर वापरायचं.

"सोडल्या कधी?" "सप्टेंबरात. दुपारी. लाईट तवाच असती."

इथे दोन चुका. हुमणीचे भुंगेरे वळवाच्या आणि मृगाच्या पहिल्या पावसात बाहेर येतात, संध्याकाळी कडुनिंब, बाभूळ, बोर यांच्यावर जमतात, मग जमिनीत अंडी घालतात. अंड्यातून निघालेली बारीक अळी सूत्रकृमींना सोपी असते. सप्टेंबरपर्यंत ती मोठी, जाड होते. मोठ्या हुमणीची श्वसनछिद्रं जाळीसारखी बारीक असतात, तिथून शिरणं कृमींना अवघड जातं. शिवाय ती अंग झटकून, घासून कृमींना काढून टाकते. म्हणून हा उपाय पावसाळ्याच्या पहिल्या भागात करायचा. आणि दुपारचं ऊन तर त्यांना थेट मारतं. संध्याकाळी, ओल्या जमिनीत सोडायचे. लाईट नसेल तर पाऊस बघून सोडायचे.

"पाण्यात आणखी काय घातलं होतं?" जरा वेळ फोनवर शांतता. मग, "निंबोळी अर्क हुता थोडा शिल्लक. म्हटलं दोन्ही सेंद्रियच हाय की!"

आणि इथे आपला आजचा विषय मामांच्या टाकीत उतरतो. 'सेंद्रिय' म्हणजे सगळ्यांसाठी निरुपद्रवी, असं नसतं. कडुनिंब हेही वनस्पतीचं रसायनच. निंबोळी पेंड आपण मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींसाठी वापरतोच ना? झेंडू लावतो, कारण त्याच्या मुळांतलं अल्फा-टर्थायनिल त्याच सूत्रकृमींना मारक असतं. मग तशाच शरीराचा मित्र सूत्रकृमी अशा गोष्टींपासून आपोआप वाचेल, असं धरून कसं चालेल? कडुनिंबाची उत्पादनं आणि मित्र सूत्रकृमी यांचं जमतं की नाही, हे जात, प्रमाण आणि उत्पादन यांवर बदलतं. म्हणून लेबलवर चालतं असं स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर एका टाकीत मिसळायचं नाही. दोन्ही वापरायचे असतील तर मधे दिवस जाऊ द्यायचे.

मामांकडे पुडीत थोडी पावडर उरली होती. मी त्यांना ती बशीत पाण्यात घालून भिंगातून बघायला सांगितली. नातवाने बघितलं. "आजोबा, सगळे सुईगत सरळ पडल्यात. हालत न्हाईत." मेलेला कृमी असाच दिसतो. जिवंत असेल तर तो पाण्यात वळवळतो, नागमोडी हलतो.

म्हणजे किडं आळशी नव्हती. बिचारी रानात पोचायच्या आधीच गेली होती.

लक्षात ठेवायच्या गोष्टी

तुमच्यापैकी कुणी वापरणार असाल तर थोडक्यात सांगते.

पुडी घेताना तारीख बघा. घरी आणल्यावर गार, सावलीच्या जागी ठेवा. वापरायच्या आधी चिमूटभर पाण्यात घालून भिंगातून बघा. वळवळ दिसली तरच पुढे जा. दहापट मोठं दाखवणारं साधं भिंगही चालतं.

दुसरी कुठली औषधं, अर्क मिसळायचे असतील तर आधी छोट्या भांड्यात करून बघा. दोन-चार तासांनी वळवळ तशीच आहे का ते पाहा. टाकी आधी स्वच्छ धुवा. कृमी तळाशी बसतात, म्हणून पाणी ढवळत राहा. पंपाची बारीक जाळी काढा, नाहीतर सगळे जाळीतच अडकतील.

हुमणी बारीक असताना, संध्याकाळी, ओल्या मातीत सोडा. नंतरही काही दिवस ओल टिकू द्या, कारण हे पाण्याच्या पातळ थरातूनच सरकतात.

आणि भुंगेरे गोळा करणं सोडू नका. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी झाडं हलवून भुंगेरे पाडायचे आणि रॉकेलच्या पाण्यात टाकायचे, किंवा प्रकाश सापळा लावायचा. हे गावाने मिळून केलं तर त्याला तोड नाही. सूत्रकृमी हा त्याच्या जोडीचा उपाय आहे, त्याच्या बदलीचा नाही.

दोन आठवड्यांनी एक-दोन बेटांजवळ खणून बघा. लालसर, मऊ पडलेली हुमणी दिसली तर ती उचलून फेकू नका. तिथेच मातीत राहू द्या. पुढची फौज तिच्यातूनच निघायची आहे.

मामांनी गेल्या पावसाळ्यात हे सगळं नीट केलं. जुलैत, पाऊस उघडला त्या संध्याकाळी. पंधरा दिवसांनी त्यांनी एक फोटो पाठवला. हाताच्या ओंजळीत माती आणि तीन विटकरी हुमण्या. सोबत व्हॉइस मेसेज होता, "आळशी न्हवती गं. मीच त्यांना भाजून मारली हुती." सगळी हुमणी गेली नाही, हे मी सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल पॉडकास्टवाली काहीही सांगते. पण या वर्षी बेटं उपटून हातात आली नाहीत.

तुमच्या रानात हुमणीवर काय चाललं, काय चाललं नाही, ते जरूर कळवा. विशेषतः फसलेले प्रयोग कळवा, त्यातून जास्त शिकायला मिळतं. पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत काळजी घ्या, आणि मातीखालच्या या मंडळींचीही घ्या. नमस्कार!